अस्तेय, विद्यादान आणि महाजाल



वर्धा जिल्ह्यात चोरीचा विचार करावयाचा तर सेवाग्राम आणि पवनार यांना वगळून पुढे जाता येत नाही. आश्रमाच्या एकादश व्रतांत सत्य आणि अहिंसेच्या पाठोपाठ अस्तेय येते. आज याच भूमीत शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती भ्रमणध्वनी आहे आणि २०१६ नंतर महाजालाचा वापर त्याला परवडू लागला आहे. चित्रपट, गाणी, संगणकप्रणाली आणि जाडजूड पाठ्यपुस्तके एक पैसाही न मोजता उतरवून घेण्याची वाट त्यामुळे खुली झाली. हे अस्तेयात बसते काय? बसत नसेल, तर ज्याला ग्रंथ परवडत नाही त्याने ज्ञानाला मुकावे काय? हे दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि एकाचे उत्तर देऊन दुसरा सुटत नाही.

गांधीजींचेच उदाहरण घ्यावे. १९०९ साली इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना बोटीवर त्यांनी ‘हिंद स्वराज्य’ लिहिले. १९१० साली निघालेल्या त्याच्या इंग्रजी आवृत्तीवर कोणतेही हक्क राखीव नसल्याची नोंद होती. विचार पसरावा, एवढाच हेतू. तथापि पुढे त्यांच्या लेखनाचे सदोष अनुवाद प्रसृत होऊ लागले. १९४० साली, सेवाग्रामी वास्तव्य असताना, त्यांनी आपल्या लेखनाचे हक्क नवजीवन संस्थेच्या स्वाधीन केले. तेव्हा लेखनहक्क म्हणजे केवळ धनलोभ, असे मानणे योग्य नव्हे. आशयाची शुद्धता राखणे आणि मिळकत सत्कार्याला लावणे, हेही त्याचे प्रयोजन असू शकते.

१९५७ च्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे हक्क राखले. १९९२ च्या दुरुस्तीने ही मुदत ६० वर्षे झाली. त्यानुसार १ जानेवारी २००९ रोजी गांधीवाङ्मय सर्वांसाठी मुक्त झाले. मुदत वाढवून मागण्याचा मार्ग नवजीवनने पत्करला नाही, हे नमूद करावयास हवे. योगायोग असा, की त्याच २००९ साली महाराष्ट्राने गुंडगिरी व हातभट्टीविरुद्धच्या १९८१ च्या स्थानबद्धता कायद्यात चित्रफितींची चोरी करणाऱ्यांचा समावेश केला. एका बाजूस मुक्त झालेला ठेवा, दुसऱ्या बाजूस तुरुंगाचा धाक!

हा धाक अकारण नाही. ‘सैराट’ २०१६ साली चित्रपटगृहांत गर्दी खेचीत असतानाच त्याची चोरटी प्रत हातोहात फिरू लागली. मोठे यश मिळालेला चित्रपट असा आघात सोसू शकतो. कर्ज काढून पहिला चित्रपट करणारा निर्माता किंवा हजार प्रती छापणारा मराठी प्रकाशक तो कसा सोसणार? मराठी पुस्तकाची फुकट प्रत भ्रमणध्वनीवरून पुढे धाडताना मातृभाषेची सेवा घडली असे वाटते. प्रत्यक्षात त्याच लेखकाच्या पुढच्या पुस्तकाची वाट अडते. करमणूक ही निकड नव्हे. तिच्यासाठी ‘परवडत नाही’ ही सबब टिकत नाही.

ज्ञानाची गोष्ट मात्र वेगळी आहे. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून ग्रामीण रुग्णांची सेवा करीत आहे. अशा ठिकाणी शिकणाऱ्याला परदेशी नियतकालिकातील एकेका लेखासाठी हजारो रुपये मागितले जात असतील, तर त्याचे पाऊल चोरवाटेकडे वळते. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शोधनिबंध फुकट पुरविणारे ‘साय-हब’ हे संकेतस्थळ रोखण्याचा आदेश दिला. आदेशाने वाट बंद झाली, गरज बंद झाली नाही. शिवाय संकेतस्थळे रोखण्याचे हत्यार एकदा हाती आले की ते कोठवर चालेल, याची दक्षता नागरिकांनीच घ्यावयाची असते.

सुदैवाने सन्मार्गही खुले होत आहेत. अध्यापनासाठी केलेल्या छायाप्रतींना कायद्याचे संरक्षण आहे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेस संमती दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मोजून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना खुली करण्याची ही योजना आहे. एकट्याला न पेलणारे मूल्य राष्ट्राने एकत्र येऊन पेलले! मराठी विश्वकोशही महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहे आणि वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयाने हिंदी साहित्याचे मोठे भांडार तेथे खुले केले आहे.

यापुढचा धडा पवनार देते. विनोबा १९८२ साली निवर्तले. म्हणजे ‘गीताई’ कायद्याने २०४२ अखेरपर्यंत राखीव आहे. परंतु ती प्रथमपासून इतक्या स्वल्प मूल्यात घरोघरी पोहोचली, की तिची चोरी करण्याचे कारणच उरले नाही. चोरीला खरा शह मिळतो तो अशा वाजवी मूल्याने. कुलपे आणि खटले त्याच्या मागून येतात.

तेव्हा वाचकाने परवडते तेथे मोल द्यावे. प्रकाशकाने विद्यार्थ्याला झेपेल अशी अंकीय आवृत्ती काढावी. गावोगावच्या ग्रंथालयांनी संगणक ठेवून मुक्त ग्रंथसंपदेची वाट दाखवावी. गरजेपेक्षा अधिक बाळगणे हीही चोरीच, असा अस्तेयाचा व्यापक अर्थ आश्रमाने मानला. दुसऱ्याच्या श्रमाचे मोल बुडविणारा या व्रताला चुकतो, तसाच ज्ञान कोंडून ठेवून त्यावर अवाजवी कर बसविणाराही चुकतो. सेवाग्रामचे हे व्रत दोघांनाही सारखेच लागू आहे.