लहान मुलांचे सुटीतील हस्तव्यवसाय

(मंडळाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



आंब्याची डाळ वाटण्यापूर्वी भाषण ठेवण्याची आपल्या चिटणीसबाईंची युक्ती नामी आहे. कैरीचा वास सुटलेला असताना कोणतीही वक्ती फार वेळ बोलणार नाही! तेव्हा मीही प्रस्तावना न करता विषयाला हात घालते.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मे महिन्याच्या सुटीत घरातल्या घरात काय करावयास द्यावे, हा माझा विषय. मी बरीच वर्षे बालवाडी चालविली, म्हणून तो माझ्या वाट्याला आला असावा. सकाळी अकरानंतर बाहेर ऊन भाजत असते. मूल "आता मी काय करू?" म्हणून पदर ओढते, आणि आपण कंटाळून त्याच्या हाती मोबाईल देतो. त्या मोबाईलला मी आज नावे ठेवणार नाही. कोणाची वाळवणे खोळंबलेली असतात, कोणी कामावरून येऊन पाठ टेकू पाहत असते. पण मूल हातांनी शिकते, आणि त्या काचेवर बोटाला एकच काम मिळते. चिमटीत धरणे, फाडणे, मळणे, दाबणे हे सारे राहून जाते. पुढे पहिलीत गेल्यावर पेन्सिल नीट धरता येत नाही म्हणून आपण त्याच मुलाला रागे भरतो.

यासाठी बाजारातून काही आणावे लागत नाही. उन्हाळा स्वतःच पुष्कळ देतो. आंब्याची कोय घ्या. येथे हापूसचा तोरा चालत नाही, कारण त्याला रेषा नसतात. बाहुलीला आपला रायवळच हवा. चोखून झालेली कोय राखेने किंवा वाळूने घासून धुवावी आणि चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवावी. मग जुना दातांचा ब्रश मुलाच्या हाती द्यावा. ते कोयीचे केस विंचरत बसते. एका मुलीने माझ्याकडे सबंध सकाळ एकाच बाहुलीची वेणी घालण्यात घालविली होती. कोळशाने डोळे काढावे, चिंधीचे लुगडे नेसवावे. डोळे वरखाली झाले तर होऊ द्यावे.

मातीचे काम तर सर्वांत उत्तम. कुंभाराकडची चिकणमाती आणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली की आठवडाभर पुरते. तीन वर्षांचे मूल माती नुसती थापटते आणि वळते. आपल्याला वाटते, याला काही येत नाही. तसे नव्हे, तेच त्याचे काम आहे. चार-पाच वर्षांचे झाले की वाट्या, पोळपाट, साप, लाडू आपोआप होऊ लागतात. मातीत थोडा पिंजलेला कापूस मिसळला आणि वस्तू आधी सावलीत वाळविल्या तर तडे कमी जातात. फ्लॅटमध्ये माती नको असेल तर कणकेचा गोळा द्या. मात्र त्यात मीठ भरपूर घाला, नाही तर मुंग्यांचे हळदीकुंकू व्हायचे.

कात्री मी इतक्या लहान वयात फारशी देत नाही. त्यांना कागद फाडू द्यावा. वर्तमानपत्र एका बाजूने सरळ फाटते आणि दुसऱ्या बाजूने वेडेवाकडे फाटते, हे मूल स्वतः शोधून काढते आणि मोठ्या आनंदाने आपल्याला सांगावयास येते. आपण ते आधी सांगून टाकू नये. हे तुकडे चिकटवावयास मैद्याची खळ पुरे. एक वाटी मैद्याला चार वाट्या पाणी घालून शिजवावे. उन्हाळ्यात ती दोन दिवसांत आंबते, म्हणून थोडीच करावी. आमच्या लहानपणी खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालीत. तो विषारी आहे, मुलांच्या खळीत मुळीच घालू नका.

सावधगिरीच्या गोष्टी आताच सांगून टाकते. गुंजा कितीही सुंदर दिसल्या तरी नकोत; त्यांतले विष भयंकर असते. कण्हेरीची पाने-फळे नकोत, रुईचा चीक डोळ्यांत जाता कामा नये. चिंचोके, मणी, वाटाणे तीन वर्षांच्या आतल्या मुलापुढे ठेवून उठू नये. नाकात गेलेला चिंचोका काढावयास डॉक्टरच लागतात.

आता रंग. रंगांच्या पेट्या राहू द्या. हळद पाण्यात कालवून कागदाला लावा आणि वाळवा. मग कपडे धुण्याच्या साबणाच्या पाण्यात कापसाची काडी बुडवून मुलाला त्यावर रेघ ओढावयास सांगा. पिवळ्या कागदावर लाल रेघ उमटते! लिंबू पिळले की पुन्हा पिवळी. कुंकू हळदीपासून होते ते याच गुणामुळे. आपल्या आज्यांना हे ठाऊक होते. जास्वंदीची पाकळी कागदावर चोळली तर जांभळट रंग येतो आणि त्यावर लिंबाचा थेंब पडला की तो गुलाबी होतो. भेंडीच्या देठाकडचा तुकडा रंगात बुडवून ठसे उठवावे. गुलमोहराच्या कळीच्या हिरव्या पाकळ्या नखांना चिकटवून राक्षस व्हावे. नारळाच्या पातीची भिंगरी, पिंपळाच्या पानाची पिपाणी तुम्हां सर्वांना येतेच. न येत असेल तर सासूबाईंना विचारा, त्यांना बरे वाटेल.

हे काही मी नवे सांगत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. त्यांनी आणि अनुताई वाघांनी महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांवरच बालवाडी उभी केली. मुले येत नाहीत म्हणून त्या मुलांच्या अंगणात गेल्या. आपल्या दारात अंगण नसेल, पण गॅलरी आहे, ओटा आहे.

आता जरा अवघड बोलावयाचे आहे. आपल्या हस्तकला प्रदर्शनात बालगट असतो आणि त्याला तीन बक्षिसे असतात. गेल्या वर्षी त्या टेबलावर पुठ्ठ्याचे सुरेख घर होते. खिडक्यांना लेस, दाराला आरसे. शेजारी चार वर्षांची मालकीण उभी होती. मी विचारले, "कसं गं केलंस हे?" ती म्हणाली, "हे आईचं आहे. मला हात लावायचा नाही." मी कोणाचे नाव घेत नाही, कारण त्या टेबलावरच्या निम्म्या वस्तूंबद्दल हेच ऐकावयास मिळाले असते. आणि मागे, कोणाला दिसू नये अशा जागी, मातीचा एक चपटा गोळा होता. तो करणारा मुलगा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "ही म्हैस आहे. बसलीय." त्या मुलाने संध्याकाळी आपली म्हैस घरी नेली नाही. ती टेबलाखाली सापडली.

आयांचा यात दोष नाही. बक्षीस ठेवले की आईचा हात शिवशिवतोच, माझाही शिवशिवेल. म्हणून माझी सूचना आहे की सहा वर्षांखालच्या मुलांना क्रमांक देणे आपण बंद करावे. जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा उघडण्यापूर्वी, मुलांना मंडळाच्या ओट्यावर दोन तास बसवावे. माती, कागद, खळ, कोयी मंडळाने पुरवाव्या. जे होईल ते तिथेच मांडावे. आयांनी आत चहा घ्यावा. बाहेर डोकावले तरी चालेल, पण हात मागे बांधून. कोणी म्हणेल, बक्षीस नसेल तर मुले यायची नाहीत. मुले येतील हो! माती आहे म्हटल्यावर ती बक्षिसाची चौकशी करणार नाहीत. आपण यावयाचे की नाही हा प्रश्न आहे.

ही सूचना मी गुरुवारच्या कार्यकारिणीत मांडणार आहे. विरोध असेल त्यांनी अवश्य यावे. तोपर्यंत घरी रायवळ आला की कोयी टाकू नका. धुऊन, चांगल्या खडखडीत वाळवून, पिशवीवर नाव घालून माझ्याकडे पाठवा. ओल्या पाठवू नका. बुरा येतो आणि मग त्या बाहुल्यांच्या कामाच्या राहत नाहीत. शंभर तरी लागतील.