चीनची पहिली व्यापारयात्रा : काही अनुभवाचे बोल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात दोन शब्द बोलण्याचा मान कार्यवाहांनी आम्हांस दिला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. नाट्यगीते आणि कथाकथन यांच्यामध्ये चीनच्या व्यापाराचा हा रुक्ष विषय कसा आला, असा प्रश्न काहींच्या मनात असेल. कारण साधे आहे. आपली पहिली पिढी कोलकात्यास आली ती नोकरीच्या निमित्ताने. बदलीच्या हुकुमाने आलो आणि येथलेच झालो. आता आपली मुले नोकरी सोडून धंदा करू म्हणतात. गेल्या वर्षभरात तीन-चार तरुण आमच्या घरी येऊन गेले. प्रत्येकाचा प्रश्न एकच : "काका, माल पाहायला चीनला जायचे आहे. काय काय सांभाळायचे?" सन २०२० पासून बंद पडलेली थेट विमानसेवा २०२५ च्या ऑक्टोबरअखेर पुन्हा सुरू झाली, आणि त्यातले पहिले विमान आपल्याच कोलकात्याहून ग्वांगझाऊस गेले. तेव्हा हा प्रश्न आणखी घरांतून विचारला जाणार, हे उघड आहे.

आम्ही व्यापारी नव्हे, अभियंते नव्हे, बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या सेवेत केस पिकविलेले साधे अधिकारी आहोत. परंतु सन २०१८ च्या शरद ऋतूत लहान कारखानदारांच्या एका तुकडीबरोबर तिचे प्रमुख म्हणून आम्हांस ग्वांगझाऊस जावे लागले. तेथे आम्ही काही शिकलो, आणि एक मोठी चूकही केली. आज बोलतो आहोत ते सरकारच्या वतीने नव्हे. त्या चुकीच्या वतीने बोलतो आहोत असे म्हटले तरी चालेल.

प्रथम निघण्यापूर्वीची तयारी. ज्याला आपण जुन्या पुस्तकांतून कँटन म्हणून ओळखतो ते शहर म्हणजेच ग्वांगझाऊ. तेथे सन १९५७ पासून वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, मोठी निर्यात जत्रा भरते. ती तीन टप्प्यांत असते आणि प्रत्येक टप्प्यात मालाचे प्रकार निराळे असतात. यंत्रे पाहावयास निघालेला मनुष्य कापडाच्या टप्प्यात पोहोचला, तर विमानभाडे वाया गेले म्हणून समजावे. किरकोळ वस्तूंसाठी जच्यांग प्रांतातील यीवूची बाजारपेठ बारमाही आहे. मात्र चिनी नववर्षाच्या सुमारास, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, कामगार गावी जातात आणि कारखाने कित्येक दिवस बंद राहतात. ऑक्टोबरचा पहिला आठवडाही राष्ट्रीय सुटीचा असतो. व्यापारासाठी ‘एम’ प्रकारचा व्हिसा लागतो. पर्यटकाच्या व्हिशावर सौदे करीत फिरू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि ती चीनमध्ये नसून आपल्याच देशात आहे. जो माल आणावयाचा त्याला आपल्याकडे परवानगी आहे काय, हे आधी पाहावे. विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात क्रमांक काढावाच. परंतु तेवढ्याने भागत नाही. खेळण्यांचेच उदाहरण घ्या. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले आहे, आणि ते मिळण्यासाठी परवाना चीनमधल्या त्या कारखान्यापाशी असावा लागतो. माल उत्तम, भाव उत्तम, पण परवाना नाही, तर पेट्या बंदरात अडकतात आणि रोजचे भाडे चढत राहते. अशा मालांची यादी वाढत गेली आहे. यास्तव प्रथम सीमाशुल्काच्या जाणकार दलालाचे घर गाठावे, मग विमानतळाचे.

आता प्रवासातील बारीकसारीक. तेथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. गूगल, जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप तेथील जाळ्यावर चालत नाहीत. भारतीय सिमकार्डाच्या रोमिंगवर बहुधा चालतात. तरी हॉटेलचा पत्ता, कारखान्याचा पत्ता आणि आपल्या वकिलातीचा दूरध्वनी चिनी लिपीसह कागदावर लिहून खिशात ठेवावा. भाजीवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सारे व्यवहार मोबाइलवरील अलीपे अथवा वीचॅटने होतात. परदेशी कार्डही त्यांना जोडता येते, पण ते काम घरूनच करून निघावे. थोडी रोकड असावीच. देशांतर्गत विमानात न्यावयाच्या पॉवर बँकेवर चिनी ‘३ सी’ चिन्ह नसेल, तर जून २०२५ पासून ती काढून घेतात.

आणि भोजन! आपल्या भगिनींचा हा पहिला प्रश्न असतो, आणि तो योग्यच आहे. ‘मांस नको’ एवढे सांगून शाकाहार होत नाही. भाजीत मांसाचा रस्सा, डुकराची चरबी किंवा कालवांचे सॉस असू शकते. मांस, मासे, अंडी, रस्सा, चरबी काहीही नको असे चिनी लिपीत लिहिलेले कार्ड जवळ ठेवावे. बौद्ध मंदिरांजवळ शुद्ध शाकाहारी उपाहारगृहे आढळतात. उकळते पाणी मात्र तेथे सर्वत्र मिळते, कचेरीत, स्थानकावर, धावत्या गाडीतही. त्यामुळे भाजक्या पोह्यांचा चिवडा, मेतकूट आणि तयार उपम्याची पाकिटे यांवर आमचे दहा दिवस सुखाने गेले. मांसाचे व दुधाचे पदार्थ आणि ताजी फळे त्या देशात नेण्यास मनाई आहे. तेव्हा पेढ्यांचा डबा घरीच ठेवावा.

शिष्टाचाराविषयी थोडे. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावे, दोन्ही हातांनी घ्यावे, वाचावे, आणि मग ठेवावे. न पाहता खिशात कोंबणे हा अपमान होय. कार्डाची मागची बाजू चिनीत छापून घ्यावी. आडनाव आधी आणि नाव नंतर, असा त्यांचा क्रम असतो. ग्वांगडाँग प्रांतात कोणी चहा ओतला की दोन बोटे टेबलावर हलकेच वाजवून आभार मानतात. भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक्स उभ्या खोचू नयेत. मृतांपुढे उदबत्त्या लावतात तसे ते दिसते. आपल्याकडे पानात पिंडासारखा भात वाढलेला चालेल काय? तसेच ते. चारचा अंक अशुभ, आठचा शुभ. आणि भेट म्हणून घड्याळ कधीही देऊ नये. चिनी भाषेत ‘घड्याळ देणे’ आणि ‘अंतकाळी सोबत करणे’ यांचा उच्चार एकच आहे. हे आम्हांस ठाऊक आहे, कारण चंदनी चौकटीचे एक सुरेख घड्याळ आम्ही येथून घेऊन गेलो होतो. आमच्या दुभाषी मुलीने वेळीच पाहिले म्हणून ते पेटीत बसूनच परत आले. ते आज आमच्या बैठकीत आहे. जेवणाच्या टेबलावर सीमाप्रश्न, तिबेट, तैवान हे विषय काढू नयेत. गलवानचे दुःख आपल्या मनात असते, ते असावेही. परंतु सौद्याचे टेबल ही त्याची जागा नव्हे.

येथवर जे सांगितले ते कोणत्याही माहितीपत्रकात सापडेल. आता जे सांगतो त्यासाठी आम्ही येथे उभे आहोत.

चिनी यजमान तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. समोरच्याची आणि स्वतःची प्रतिष्ठा राखणे ही तेथली मोठी शिस्त आहे. तो ‘हाव, हाव’ म्हणतो, म्हणजे ‘बरे, बरे’. त्याचा अर्थ एवढाच की तुमचे म्हणणे ऐकले. तो ‘येन्जिउ येन्जिउ’ म्हणतो, म्हणजे अभ्यास करून पाहू. सरकारी कचेरीत आयुष्य घालविलेल्या आम्हांस हे कळावयास हवे होते; कारण ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असे आम्हीही वर्षानुवर्षे लिहीत आलो, आणि त्याचा अर्थ काय होतो हे आम्हीच जाणतो! आणि तो हसून म्हणतो ‘मेइ वन्ती’, म्हणजे ‘काही अडचण नाही’. बंधुभगिनींनो, हे दोन शब्द ऐकले की समजावे, अडचण कुठे आहे ते शोधण्याची वेळ आता आली आहे.

आमच्या तुकडीत हावड्याचे एक वयस्क बंगाली कारखानदार होते. प्लॅस्टिकची झाकणे पाडणारे यंत्र त्यांना घ्यावयाचे होते. बँकेचे कर्ज आणि राहत्या घराचे तारण, अशी त्यांची पुंजी होती. यंत्र पसंत पडले, भाव ठरला. गृहस्थांनी विचारले, "आमच्याकडच्या विजेवर हे चालेल ना?" दुभाष्याने भाषांतर केले. यजमान हसून म्हणाले, "मेइ वन्ती." वृद्ध गृहस्थांचे समाधान झाले नाही. त्यांनी वही उघडली आणि पुन्हा हात वर केला. परंतु सहा वाजत आले होते. चीनमध्ये रात्रीचे जेवण लवकर असते, मेजवानीची खोली तयार होती, यजमान दोनदा दाराकडे पाहून चुकले होते. तुकडीप्रमुख या नात्याने आम्हांस वाटले की आता ताणणे बरे दिसणार नाही. आम्ही म्हणालो, "दादा, ते नंतर पाहता येईल." त्यांनी वही मिटली.

चीनमध्ये कारखान्यांची तीन फेजची वीज ३८० व्होल्टची, आपल्याकडे ४१५ व्होल्टची. दुसऱ्या वर्षी यंत्र हावड्यास आले, जोडले, आणि आठवड्याच्या आत त्याची नियंत्रणाची पाटी जळाली. यंत्रावरील सूचना सगळ्या चिनी लिपीत. करारात व्होल्टेजचा उल्लेख नव्हता. बनविणाऱ्याने उत्तर दिले की यंत्र नियमाप्रमाणेच आहे, आणि कागदावर पाहता त्याचे खरे होते. पाच महिने ते यंत्र ताडपत्रीखाली उभे होते आणि कर्जाचे हप्ते चालू होते. शेवटी नवी पाटी आणि ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या खर्चाने घेऊन त्यांनी ते सुरू केले. त्या दिवशी ते संदेशचा पुडा घेऊन आमच्या कचेरीत आले. आमच्याने त्यांच्याकडे पाहवेना. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सर, पुढच्या वेळी कोणाला घेऊन जाल, तेव्हा प्रश्न संपेपर्यंत जेवायला उठू नका."

यजमान खोटे बोलले असे आम्ही आजही म्हणणार नाही. ‘चालेल ना?’ या प्रश्नाचे सौजन्यपूर्ण उत्तर ‘हो’ एवढेच असते. प्रश्नच असा विचारावा की ‘हो’ म्हणून सुटता येऊ नये. ‘किती व्होल्टची मोटर? सूचना कोणत्या भाषेत? सुटे भाग किती दिवसांत? जोडणीला कोण येणार, त्याचा खर्च कोणाचा?’ जे उत्तर येईल ते तेथेच लिहावे, वाचून दाखवावे आणि करारात घालावे. दुभाषी यजमानाचा नसावा, आपण पैसे देऊन आपला आणावा.

कागदाविषयी तीन गोष्टी पाठ कराव्यात. पहिली : कंपनीचे इंग्रजी नाव शोभेचे असते, कायद्याने खरे ते चिनी नाव. परवान्याची प्रत मागावी. त्यावर अठरा अंकाक्षरांचा नोंदणी क्रमांक असतो, तो सरकारी नोंदींशी पडताळून घ्यावा. दुसरी : नुसत्या सहीवर विसंबू नये, कंपनीचा गोल तांबडा शिक्का हवा. तिसरी : पैसे कंपनीच्याच नावाच्या खात्यात, आपल्या बँकेमार्फत पाठवावेत. ‘खाते बदलले आहे’ असा ई-मेल आला तर एक रुपयाही पाठवू नये. ओळखीच्या माणसाला समोरासमोर दिसेल असा फोन करून विचारावे. हवालाचा आणि कमी रकमेच्या बिलाचा सल्ला देणारे भेटतील, त्यांना दुरून नमस्कार करावा. साधारणतः तीस टक्के आगाऊ आणि सत्तर टक्के माल निघण्यापूर्वी, अशी रीत आहे. तो सत्तरचा हप्ता देण्याआधी त्रयस्थ तपासनीस पाठवावा. मान्य केलेल्या नमुन्यावर दोघांनी सह्या करून एकेक आपापल्यापाशी ठेवावा.

आणि दुसऱ्याच्या उधारीत आपले नाव गुंतवू नये. सन २०११ च्या डिसेंबरात यीवू येथे पळून गेलेल्या मालकाच्या थकबाकीपायी, त्याच्याकडे काम करणाऱ्या दोन भारतीयांना तेथील व्यापाऱ्यांनी अडकवून ठेवले होते. व्यापारी दावा चालू असता परदेशी माणसाला देश सोडण्यास तेथील न्यायालय मनाई करू शकते, हेही ध्यानात असावे.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, इतकी धास्ती, तर जावे कशाला? तसे नव्हे. आम्ही मूळचे सोलापूरचे. परतीच्या आदल्या दिवशी एका वयोवृद्ध चिनी गृहस्थांना आम्ही डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे गाव आमचे, असे सांगितले. ‘के दिहुआ’ हे त्यांचे चिनी नाव ऐकताच ते गृहस्थ उठून उभे राहिले. सन १९३८ मध्ये गेलेला आणि १९४२ मध्ये तेथेच देह ठेवणारा तो आपला तरुण डॉक्टर चिनी भाषा शिकला, तेथल्या माणसांत मिसळला, तेथेच त्याने संसार मांडला. एवढ्या वर्षांनी त्याच्या नावाने एक दार उघडते, ते त्या मिसळण्यामुळे. व्यापारातही हेच खरे. एका भेटीत सौदा करण्यास जाऊ नये, ओळख करण्यास जावे; सौदा दुसऱ्या भेटीत होतो.

तेव्हा मुलांनो, अवश्य जा. चिवडा घ्या, कार्डे छापा, घड्याळ मात्र घरी ठेवा. आणि एक वही न्या. तिच्यातील शेवटच्या प्रश्नापुढे उत्तर लिहून होईपर्यंत ती मिटू नका, मग मेजवानी निवली तरी चालेल. आमच्यासारखा एखादा अधिकारी मध्ये येऊन ‘नंतर पाहू’ म्हणाला, तर त्यालाही नम्रपणे सांगा : "साहेब, आपण पुढे व्हा, आम्ही एवढे लिहून येतो."