औंधला जाऊन या

गुडघे साथ देत असतील तर आधार कार्ड खिशात टाका आणि खटाव तालुक्यातल्या औंधची एसटी धरा. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे, पासष्टीनंतर अर्धं तिकीट. यमाईचा डोंगर चढताना वाटेतच श्रीभवानी संग्रहालय लागतं. तिथे रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं दगडातलं मायलेकरू आहे. १९३८ मध्ये हे संग्रहालय उभारणारे औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढत, कीर्तन करत आणि साठीतही रोज सूर्यनमस्कार घालत. असं म्हातारपण हेवा वाटावा असंच!

औंधच्या या खटाव तालुक्यात पाऊस बेताचाच. तरी अंगणातल्या कोरफडीला, गवती चहाला तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी पुरतं. कुंडीत वाळका पाला पसरा, ओल टिकते.

आणि प्रवासाला घरची नानकटाई न्याच. ओव्हन नको. जाड कढईत बोटभर मीठ पसरून वर जाळी ठेवा, झाकून दहा मिनिटं तापवा. तूप-पिठीसाखर पांढरीशुभ्र होईपर्यंत फेसा, त्यात कणीक आणि वेलची घालून गोळे करा. ताटलीत मांडून ती जाळीवर ठेवा आणि झाकून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा. लगेच उचलू नका. गरम असताना नानकटाई मऊच लागते, गार झाली की खुसखुशीत होते.