कावीळ कोणती, ते रक्ताला विचारा



आम्ही डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करणारे कला शाखेचे पदवीधर आहोत. पण वाचून जे समजले, ते समाजापुढे मांडणे आमचे कर्तव्य आहे.

डोळे पिवळे झाले की हसनाबादसारख्या गावांत गळ्यात माळ घालतात, कावीळ उतरवून घेतात. माणूस बरा झाला की श्रेय माळेला जाते. वास्तविक कावीळ हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. यकृताला सूज आणणारे मुख्य विषाणू पाच : ए, बी, सी, डी आणि ई. ए आणि ई दूषित पाण्यातून पसरतात व बहुधा आपोआप बरे होतात. म्हणूनच माळेचे फावते. बी आणि सी रक्तातून, दूषित सुईतून, आईकडून बाळाला जातात आणि वर्षानुवर्षे गुपचूप यकृत पोखरतात. डोळ्यांचा रंग मात्र सारखाच! मग ओळखायचे कसे?

विषाणू शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. आयजीएम प्रतिपिंड आधी येते व काही महिन्यांत ओसरते. आयजीजी दीर्घकाळ टिकते. आमच्या बँकेच्या भाषेत, आयजीएम ही ताजी नोंद, आयजीजी ही मागील शिल्लक. बी विषाणूसाठी प्रथम त्याच्या पृष्ठभागावरील प्रतिजन शोधतात; त्याविरुद्धचे प्रतिपिंड हे संरक्षणाचे चिन्ह असते. सीचे प्रतिपिंड आढळले, तर रोग आजही आहे की होऊन गेला हे ठरवण्यास आणखी एक चाचणी लागते.

या तपासणीचे मोल इतिहासाने दाखवले आहे. दिल्लीत १९५५-५६ साली मैलामिश्रित पाण्यामुळे सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती ए विषाणूची मानली गेली. जपून ठेवलेले रक्तनमुने तपासून १९८० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ती एची साथ नव्हतीच! पुढे त्या वेगळ्या विषाणूला ई हे नाव मिळाले. हाच ई गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत मातेच्या जिवावर बेततो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने १९८१ च्या कोल्हापूरच्या साथीचाही असाच रक्ततपासणीतून अभ्यास केला.

२०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्याखाली सरकारी रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. म्हणून घरात कोणाचे डोळे पिवळे दिसले, विशेषतः गरोदर भगिनीचे, तर माळ शोधू नका. दवाखान्यात जा आणि "ही कावीळ कोणती?" असे निर्भयपणे विचारा. प्रश्न विचारणाऱ्या समाजाचेच आरोग्य सुधारते.