बातमीमागचा इतिहास

राज्यसेवेची तयारी करणारी बरीच मुलं इतिहास सकाळी वाचतात आणि चालू घडामोडी रात्री, जणू दोघांची तोंडओळखही नाही. एक बातमी घेऊ. जुलै २०२५मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. वहीत एवढंच उतरतं. पण त्यातले ११ महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, थेट तमिळनाडूत. तो या यादीत कसा?

खरा अभ्यास इथून सुरू होतो. १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेत शिवाजी महाराजांनी जिंजी घेतला. १६८९मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड मोगलांकडे गेला, तेव्हा राजाराम महाराजांनी हाच किल्ला गाठला. मोगल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा वर्षानुवर्षं रेंगाळला. १६९८मध्ये किल्ला पडला खरा, पण तोवर महाराज निसटले होते.

आता नकाशा काढा. याच यादीतला साल्हेर बागलाणात, खांदेरी समुद्रात. तिथे १६७९मध्ये मराठे इंग्रजांशी झुंजले. बारा नावं मात्र घोकावीच लागतात, त्याला इलाज नाही. आणि हो, गाइड विकत घेण्याआधी लोकसेवा आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावरून उतरवून घ्या.