कातर लावण्यापूर्वी
(सुवर्णमहोत्सवी पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या समाजातील कन्या शिकत नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. तथापि मुलाला अभियांत्रिकी आणि मुलीला घराजवळचे महाविद्यालय, ही वाटणी अजूनही अनेक घरांत न बोलता होते.

१९३७ साली मद्रास प्रांतातील ए. ललिता अठराव्या वर्षी विधवा झाल्या. पदरी चार महिन्यांची कन्या होती. त्यांचे वडील गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांनी लेकीला तेथेच विद्युत अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेऊन दिला. १९४३ मध्ये ललिता पदवीधर झाल्या. पुढे भाक्रा-नांगल धरणाच्या कामातही त्यांचा वाटा होता. त्या पित्याला त्या काळी जे जमले, ते आज आपल्याला अवघड का वाटावे?

खर्चाची अडचण सांगितली जाते. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, तसेच सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना, शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यास, महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची असून ती एका कुटुंबातील दोन मुलींना मिळू शकते. तिलाही उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांचीच आहे.

परगावी पाठविण्याची चिंता मी समजू शकतो. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने पुण्यात १९९१ मध्ये केवळ मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. तेव्हा या चिंतेलाही उत्तर आहे.

खरी अडचण वेळेची आहे. आपण बारावीनंतर विचार करू लागतो, परंतु निर्णय अकरावीच्या प्रवेशातच झालेला असतो. गणित आणि भौतिकशास्त्र सुटले, की अभियांत्रिकीची वाट बहुधा बंद होते. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचा मार्गही आहे. पण तोही त्याच वेळी निवडावा लागतो.

मी वाणिज्य पदवीधर, कापडाचा व्यापारी. आमच्या धंद्यात एक शिस्त असते. कातर लावण्यापूर्वी माप दोनदा घ्यावे, कारण कापलेला तागा पुन्हा अखंड होत नाही. ज्या घरी कन्या यंदा दहावीत आहे, त्या घरातील आई-वडिलांना माझी हात जोडून विनंती आहे. निकालाची वाट न पाहता तिला जवळ बसवा आणि तिच्या मनात काय आहे ते विचारा. ती ‘यंत्र’, ‘संगणक’, ‘वीज’ असे काही म्हणाली, तर तिचे गणित सोडवू नका.

जय जिनेंद्र.