अवघे चौदा स्वर

झाशीच्या बडा बाजारातून वरात निघाली की बँडवाल्याच्या खांद्यावर कधी पितळेचे एक अजस्र वाद्य झुलताना दिसते. ते सूझाफोन, चालता चालता वाजवता यावे म्हणून घडवलेले ट्यूबाचेच रूप. वरातीत त्याला उसंत नसते. सिंफनीतील ट्यूबाची गत मात्र निराळी.

द्वोर्झाक यांची ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनी १८९३ साली न्यूयॉर्क येथे प्रथम सादर झाली. सुमारे पाऊण तासाच्या या रचनेत ट्यूबाच्या वाट्याला अवघे १४ स्वर येतात, तेही ‘लार्गो’ या संथ भागात. (मानधन स्वरागणिक मिळत नाही, हे वादकाचे भाग्यच!)

मग तयारी ती कशाची? वादक सर्व वाद्यांची स्वरलिपी पुढे ठेवतो, कारण त्याचा स्वर बास ट्रॉम्बोनच्या स्वरात विरघळला पाहिजे. तंबोऱ्याशी गायकाने बसावे, तसा तो आधारस्वर लावून एकेक स्वर तासतो. आरंभीचे स्वर अतिशय हळुवार. ओठ क्षणभर डळमळले तरी सभागृहाला कळते. वरातीतली चूक ढोलात बुडून जाते, येथे तसा आडोसा नाही. शिवाय पहिला भाग संपेपर्यंत वाद्य गार पडते आणि गार पितळेचा सूर उतरतो. म्हणून तो मात्रा मोजत, आवाज न करता, नळीत उबदार श्वास सोडत राहतो.

त्या गंभीर स्वरांमागून कोर आंग्लेची प्रसिद्ध धून येते आणि श्रोते ट्यूबाला विसरतात. टाळ्या वाजतात तेव्हा त्याचा चौदावा स्वर विरून बराच वेळ झालेला असतो.